भटारखान्यातला गिटारवाला

दुपारी तीनला आमच्या खानावळीतलं शेवटचं ताट धुऊन पालथं पडायचं आणि सव्वातीनला मी बेस ड्रमवर पहिला ठोका मारायचे. मधल्या पंधरा मिनिटांत टेबलं भिंतीला सरकवायची, फिनेल टाकून फरशी पुसायची, माळ्यावर तांदळाच्या पोत्यांना टेकून ठेवलेले ड्रम शिडीवरून उतरवायचे आणि मागच्या खोलीत आडवी झालेल्या आईच्या उशाशी चहाचा कप ठेवायचा. सहाच्या आत सगळं परत माळ्यावर, कारण सहाला कांदा चिरायला बसायचं असे. मधले पावणेतीन तास आमच्या बँडचे. आमच्या सिंबलना, म्हणजे ड्रमच्या झांजांना, बांगड्याचा वास यायचा तो त्यामुळे. कॉलेजांच्या कार्यक्रमांना बांद्र्याची, जुहूची पोरं आपली चकचकीत वाद्यं घेऊन यायची आणि आमच्या जवळून जाताना नाक मुरडायची. त्यातल्या एकाने आम्हाला ‘फिश करी बँड’ असं नाव ठेवलं होतं. आमचं खरं नाव ‘बॉयलर’. समोरच्या कारखान्यात होता, त्यावरून घेतलेलं.

आज माझी दोन हॉटेलं आहेत आणि पासष्टी उलटली तरी महिन्यातून दोनदा मी स्टेजवर ड्रम वाजवते. त्यामुळे मुलाखत घ्यायला पोरंपोरी येतात आणि सगळी एकच प्रश्न विचारतात, मॅडम, रॉक म्युझिक आणि रेस्टॉरंट, दोन्हीचा तोल कसा सांभाळलात? मी त्यांना बांगड्याच्या वासाची गोष्ट सांगते. ती हसतात, फोटो काढतात, कोळंबीचं लोणचं चाखतात आणि जातात. ज्या गोष्टीमुळे मी हॉटेलवाली झाले ती मी त्यांना कधीच सांगितलेली नाही. ती सांगायला लागले की माझा आवाज चढतो. इतकी वर्षं झाली तरी चढतो. इथे कागदावर चढला तर कुणाला त्रास नाही, म्हणून लिहून ठेवते.

खानावळ नाहूर आणि मुलुंडच्या मधे, कारखान्यांच्या रस्त्यावर होती. नाहूरला तेव्हा स्टेशन झालेलं नव्हतं, सगळे मुलुंडहून नाहीतर भांडुपहून चालत यायचे. बाबांची परळची गिरणी बंद पडली तेव्हा ते वर्षभर घरात बसून होते. शेवटी आईच म्हणाली की चाळीत पंधरा माणसांचे डबे करते, ते शंभरांचे करीन, तुम्ही जागा बघा. जागा मिळाली. गल्ल्यावर बाबा बसायचे, बाजार मी आणायचा, मासे आई करणार, आणि मागच्या भटारखान्यातली मोठी पातेली, म्हणजे मटण आणि भात, आईच्या गावच्या भिकू आचाऱ्याकडे. साडेबाराला कारखान्याचा भोंगा झाला की पाचव्या मिनिटाला रस्त्यावर चपलांचा आवाज यायचा आणि मग तीनपर्यंत स्टीलच्या ताटांचा असा गलका उठायचा की बोलायचं असेल तर ओरडावं लागे. त्या गलक्यात मी वाढले असं म्हटलं तरी चालेल. आमटीच्या बादलीवर पळी आपटून मी ताल धरायचे आणि आई ओरडायची की बादलीला पोचे येतील.

ताल मला बाबांकडून आला. गिरणीत असताना ते डबलबारी भजनात मृदंग वाजवत. माझ्या हाताला त्यांनीच वळण लावलं, जेवायच्या पाटावर, बोटांनी. मुलगी काय करणार हे शिकून, असं त्यांना कुणी म्हणालं तर ते म्हणत, वाजवणार, आणखी काय करणार. हे मी मुद्दाम लिहिते आहे. पुढे त्यांच्याबद्दल जे लिहायचं आहे त्यावरून कुणाला वाटू नये की माणूस वाईट होता. वाईट माणसावर रागावणं सोपं असतं.

बँडमध्ये आम्ही तिघंच होतो. डेरिक मुलुंडचाच, ईस्ट इंडियन ख्रिस्ती, गायचा आणि बेस गिटार वाजवायचा. ड्रमचा जुना संच त्याच्या मामाचा, जो लग्नाच्या बँडमध्ये वाजवून म्हातारा झाला होता. तिसरा मिलिंद. मिलिंद नसता तर बॉयलर म्हणजे नुसता आवाज होता. माझ्याच कॉलेजात, माझ्याच वर्गात. राहायला आमच्या रस्त्याच्या पलीकडे, नाल्याला लागून असलेल्या बौद्ध वसाहतीत. मूळ घर सोलापूरकडचं. वडील लहानपणीच गेलेले, आई महापालिकेच्या दवाखान्यात आया. तिची पाळी कधी सकाळची, कधी रात्रीची, त्यामुळे पाठच्या तीन भावंडांना दहाव्या वर्षापासून यानेच रांधून घातलेलं. एका मोडक्या गिटारला त्याने लॅमिंग्टन रोडवरून एक एक भाग आणून इलेक्ट्रिक केलं होतं. तिच्यातून तो जो आवाज काढायचा तसा मी पुढे पुष्कळ महागड्या गिटारींमधून ऐकला नाही. बोलायचा कमी. गाण्याचा शेवट जवळ आला की मान वळवून माझ्याकडे बघायचा आणि मला कळायचं की आता चार मात्रांनी थांबायचं.

तो आमच्या खानावळीत तीन वर्षं येत होता. आमच्या टेबलावर जेवत होता. आई त्याला सोलकढी जास्त वाढायची. बाबा त्याला विचारायचे, काय रे, ह्या तुझ्या वाजवण्यात सम कुठे असते? तो दाखवायचा आणि बाबा मान डोलवायचे. मला खरंच वाटायचं की आमच्या घरात तसलं काही नाही. आम्ही काय पुण्याबिण्याचे आहोत का, असं मी डेरिकला म्हटल्याचंही आठवतं. वीस वर्षांची होते, मूर्ख होते.

त्या शिमग्याला भिकू गावी गेला तो परत यायचं नाव घेईना. त्याच आठवड्यात आई ओल्या फरशीवरून घसरली आणि उजवं मनगट मोडलं. मिलिंदच्या आईनेच तिला दवाखान्यात नेऊन प्लास्टर घालून आणलं. मासे मी कसेबसे सांभाळले, पण शंभर माणसांचं मटण मी बापजन्मात केलेलं नव्हतं. सकाळी नऊ वाजता मी त्या पातेल्यासमोर उभी होते, अर्धा कांदा करपलेला, अर्धा कच्चा, आणि मिलिंद कॉलेजातून नोट्स द्यायला आला. त्याने पातेल्यात बघितलं, माझ्याकडे बघितलं, शर्टाच्या बाह्या सारल्या आणि हात धुतले. बाजूला हो जरा, म्हणाला. कांदा त्याने निखाऱ्यावर भाजायला टाकला, खोबरं आमच्यापेक्षा कमी घेतलं आणि घरून भावाकडून काळं तिखट मागवलं. दुपारी तो रस्सा वाढला तेव्हा हॉलमध्ये आधी एकदम शांतता पसरली. मला वाटलं, वाट लागली. मग लक्षात आलं की लोक जेवतायत.

आठ दिवस मिलिंदने मटण केलं. सकाळचं कॉलेज बुडवून आठ ते एक भटारखान्यात आणि तीननंतर हातात गिटार. कॉलेजांची बँड स्पर्धा पुढच्या शनिवारी होती, त्यामुळे सराव चुकवून चालणार नव्हता. तिसऱ्या दिवसापासून रस्सा एक वाजताच संपायला लागला. पुढच्या गल्लीतल्या कारखान्यातले लोक येऊन दारात उभे राहायचे. बाबा खूश होते. भिकूला तार करू नको आता, असं ते हसत आईला म्हणालेले मी ऐकलं. सर्वांत जास्त कौतुक सावंतकाकांना. हे सावंतकाका परळला बाबांच्याच खात्यात होते आणि आता समोरच्या कारखान्यात फोरमन. आमच्याकडची चाळीसएक माणसं त्यांनीच आणलेली. ते रोज दुसरी वाटी मागायचे, बोटं चाटायचे आणि आचाऱ्याला बाहेर बोलवा म्हणायचे. मिलिंद काही बाहेर यायचा नाही. आत उकडतंय, घामाघूम आहे, म्हणायचा. मी त्याला आग्रह करायचे. आज वाटतं, त्याला आमच्यापेक्षा जास्त कळत होतं.

आठव्या दिवशी तो पाणी प्यायला भटारखान्याच्या दारात आला आणि जेवायला बसलेल्या कांबळ्यांनी त्याला पाहिलं. कांबळे त्याच वसाहतीतले, सावंतांच्या हाताखाली लेथवर, दोन वर्षं आमच्याकडे जेवणारे. माणूस इतका आनंदला की घास हातातच राहिला. शेजाऱ्याला म्हणाले, अहो, हा तर आमचा मिलिंद, तरी म्हटलं ही चव ओळखीची कशी, जयंतीला आमच्या वसाहतीत पाचशे माणसांचं जेवण हाच पोरगा उतरवतो. अभिमानाने म्हणाले. मोठ्याने म्हणाले, कारण त्या गलक्यात मोठ्यानेच बोलावं लागायचं. मी आमटीची बादली घेऊन उभी होते. कुणी उठलं नाही. फक्त सावंतकाकांचा हात ताटात थांबला, त्यांनी रश्श्याची वाटी दोन बोटांनी पुढे सरकवली आणि भात डाळीबरोबर कालवला.

दुसऱ्या दिवशी भोंगा झाला, चपला वाजल्या, आणि बरीचशी टेबलं रिकामीच राहिली. बाबा रस्त्यावर जाऊन बघून आले. अकराच्या सुमाराला, जेवणाची वेळ नसताना, सावंतकाका एकटेच येऊन बाबांशी बोलून गेले होते, ते मला मागून कळलं. काय बोलले तेही कळलं, कारण बाबांनीच सांगितलं. म्हणे, माझा काय म्हणना नाय, मी तसला मानत नाय, पण पोरा बोलतत. इतक्या वर्षांत मी हे वाक्य किती तोंडांतून ऐकलं असेल. कोणीच मानत नाही. नेहमी दुसरंच कोणीतरी बोलत असतं.

बाबांनी मला गल्ल्याजवळ बोलावलं. आवाज खाली होता. ते ड्रॉवर उघडत होते आणि बंद करत होते.

“शैला, तू सांग तेका. तुझो दोस्त तो. माका तोंड वर करून सांगुक जमाचा नाय.”

मी विचारलं, काय सांगू? ते म्हणाले, काय पण सांग. मी म्हटलं, बाबा, तो वाजवायला आलेला चालतो, जेवायला चालतो, आणि शिजवलेलं चालत नाही? ते म्हणाले, माका सगळा चलता, माका इचारू नको, चाळीस माणसा तुटली तर खावचा काय? आणि मग ते माझ्याकडे न बघता बाहेर बघायला लागले. मी तिथेच भांडायला हवं होतं. ती वेळ होती आणि मी ती घालवली. मी भटारखान्यात गेले. मिलिंद पुढचं वाटण पाट्यावर वाटून, टिकावं म्हणून तेलात परतून डब्यात भरत होता, आठवडाभर पुरेल एवढं. मी त्याला म्हटलं, भिकू आलाय, उद्यापासून तू नको येऊस, कॉलेज किती बुडवशील.

त्याने भटारखान्यात एकदा नजर फिरवली. भिकू आला असता तर त्याची वळकटी कोपऱ्यात असती, खुंटीवर त्याचा पंचा असता. काहीच नव्हतं. त्याने डब्याचं झाकण लावलं, हात धुतले, पुसले. बरं, म्हणाला. तीन वाजता गिटार लावून तयार होता. आम्ही सराव केला. नेहमीपेक्षा चांगला झाला. डेरिक म्हणाला, झकास, असं वाजवलं तर शनिवारी आपणच. मी मान हलवली. मला त्या दिवसाचं अजून आश्चर्य वाटतं, की मी पावणेतीन तास ताल सोडला नाही.

आईला मी संध्याकाळी सगळं सांगितलं. प्लास्टरचा हात मांडीवर ठेवून ती लसूण सोलायचा प्रयत्न करत होती. तिने बाबांना दोष दिला नाही, सावंतांना दिला नाही. एवढंच म्हणाली, “खरा बोलाक धीर नव्हतो तर गप ऱ्हवाचा होता. खोटा कित्याक बोललंस?” मी तिला विचारलं, मग तू सांगशील बाबांना? तीही गप्प बसली. लसणीची साल तिच्या बोटांना चिकटत होती, तिने ती मला काढू दिली नाही.

भिकू येईपर्यंत एक तात्पुरता आचारी आणला होता, पण त्याला आमच्या मसाल्याचं काही समजत नव्हतं, म्हणून वाटण मी त्याला मिलिंदच्या डब्यातलंच दिलं. फेकून कसं देणार? तिसऱ्या दिवशी सावंतकाकांची मंडळी परतली. सगळीच्या सगळी. पुन्हा तो गलका, पुन्हा ती ताटं. सावंतकाकांनी रस्सा भुरकला, डोळे मिटले आणि बाबांना हाक मारून म्हणाले, “आता कसा! आपल्या हातचा ता आपल्या हातचा. चव परत इली बघ.”

बाबा हसले. ते हसले, हे मी अजून विसरू शकलेले नाही. माझ्या हातात पळी होती. मी हॉलच्या मधोमध गेले आणि ती बादलीवर आपटली, एकदा, दोनदा, तोवर सगळे गप्प झाले.

“ते वाटण मिलिंदच्या हातचं आहे,” मी म्हटलं. “तीन दिवसांपूर्वी त्याने वाटून ठेवलेलं. त्याला इथून काढलं ते तुमच्यासाठी, आणि आज तुम्ही तेच खाताय. आठ दिवस खाल्लंत, बोटं चाटलीत. तो बौद्ध आहे म्हणून नको ना? मग आता पोटातलं काय करणार? सांगा ना काका, काय करणार?”

आणखीही बरंच बोलले. शिव्याही दिल्या असतील. आवाज फाटला होता माझा. सावंतकाका उठले, मोरीवर हात धुतले आणि बाबांच्या समोरून निघून गेले. त्यांच्यामागे ओळीने माणसं उठत गेली. काही तरुण पोरं बसून राहिली, मान खाली घालून जेवत राहिली, त्यांचं मला आजही बरं वाटतं. बाबा जागचे उठून माझ्यासमोर आले. मला वाटलं मारणार. त्यांनी माझ्या हातातली पळी काढून घेतली आणि म्हणाले, “भायर हो.” मी बाहेर पडले तेव्हा मोरीपाशी कांबळे उभे होते. त्यांचं ताट अर्धं भरलेलं तसंच टेबलावर होतं. मला वाटलं ते काहीतरी म्हणतील, शाबास म्हणतील. ते माझ्याकडे न बघता भिंतीच्या कडेने निघून गेले.

मी तडक मिलिंदच्या घरी गेले. भर दुपार, वसाहतीत नळाला पाणी आलेलं, बायका हंडे घेऊन रांगेत. मला कधी एकदा सांगते असं झालं होतं. खरं सांगायचं तर मला वाटत होतं की मी काहीतरी मोठं करून आलेय. मिलिंद दारात बसून गिटारची तार बदलत होता. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, सावंत काय म्हणाले, मी काय म्हटलं, कोण कोण उठलं. त्याची आई आतून पाण्याचा पेला घेऊन आली. ती ऐकत होती. मी संपवलं तेव्हा रांगेतल्या बायकाही ऐकत होत्या.

मिलिंदने तार ताणून बसवली. मग म्हणाला, “मला विचारलंस?”

मला प्रश्नच कळला नाही.

“त्या दिवशी खोटं बोललीस तेव्हा मला वाटलं, ठीक आहे, घाबरली. मी गप्प बसलो, तुला लाज वाटू नये म्हणून. आज सगळ्यांच्या मधे माझं नाव घेतलंस, माझी जात घेतलीस. कुणासाठी? मी त्याच रस्त्याने रोज जातो. कांबळेकाका उद्या त्याच सावंताच्या हाताखाली उभे राहणार आहेत. तू घरी जाशील, तुझे बाबा चार दिवस बोलणार नाहीत, मग बोलतील.”

मी म्हटलं, मग काय गप्प बसायचं होतं का? माझाही आवाज चढला. त्याचा चढला नाही.

“तुझ्या बाबांना सांगायचं होतंस. त्या दिवशी, गल्ल्यापाशी. ते तुझं काम होतं. ते नाही केलंस आणि हे केलंस.”

मी रडायला लागले आणि त्याचाही मला संताप आला, कारण रडल्यावर त्याच्या आईने मला आत बसवलं, पाठीवरून हात फिरवला, आणि आता त्यांनाच माझं सांत्वन करावं लागत होतं. निघताना तिने विचारलं, तुझ्या आईचा हात कसा आहे, पुढच्या सोमवारी प्लास्टर बघायला आण, मी सकाळपाळीला आहे. मी हो म्हटलं. त्या माउलीसमोर मी दुसरं काय म्हणणार होते?

शनिवारी स्पर्धा झाली. अंधेरीच्या एका कॉलेजचा हॉल, सकाळी अकरापासून एकेक बँड. मिलिंद वेळेवर आला. डेरिकला माहीत होतं, तो आमच्या दोघांच्या मधे उभा राहून उगाच विनोद करत होता. आम्ही तीन गाणी वाजवली. मिलिंदने त्या दिवशी काय वाजवलं ते शब्दांत सांगता येत नाही, बांद्र्याची पोरं खुर्च्यांवर उभी राहिली. पण तिन्ही गाण्यांत त्याने एकदाही मान वळवली नाही. शेवट कुठे आहे ते मला त्याच्या खांद्यांवरून ओळखावं लागलं. मी ओळखलं, चुकले नाही. आम्हाला दुसरा नंबर मिळाला. त्याने गिटार पिशवीत घातली, डेरिकला मिठी मारली, मला म्हणाला, मस्त वाजवलंस, आणि गेला. बॉयलर तिथेच संपला. डेरिकने पुढे दोनदा तिघांना एकत्र आणायचा प्रयत्न केला, मग त्यानेही नाद सोडला.

भिकू आला. पंधरवड्याने सावंतकाकाही आले. बाबांनी त्यांना नेहमीचं टेबल पुसून दिलं. त्या टेबलावर मी वाढणार नाही असं सांगितल्यावर बाबा स्वतः वाढायला उठले. कांबळे मात्र पुन्हा कधी आले नाहीत. कारखान्याच्या फाटकाशी ते भिंतीच्या सावलीत डबा खाताना मला दिसायचे. मी रस्ता बदलायचे. राग कुणाकुणावर करायचा ते मला कळेना. सावंतांवर होता, बाबांवर होता, आईच्या त्या गप्प बसण्यावर होता आणि सगळ्यांच्या तळाशी माझ्यावर होता. तो राग मी ड्रमवर काढला. पुढची दोन वर्षं मिळेल त्या बँडमध्ये वाजवत सुटले, खारदांड्यापासून ठाण्यापर्यंत. लोक म्हणायचे, पोरगी काय ताकदीने मारते.

मग मी घाटकोपरला एक गाळा घेतला, चार टेबलांचा. बाबांची खानावळ चालवायला मी नकार दिला, त्यावर ते म्हणाले की तू बाजा वाजव, धंदा तुझ्याने होणार नाही. गाळा घेतल्यावर मी सगळ्यांत आधी मिलिंदकडे गेले. तो तेव्हा मस्कतला हॉटेलच्या बँडमध्ये जायच्या तयारीत होता, घरात बॅग उघडी पडलेली. मी त्याला विचारलं, हॉटेल काढतेय, भागीदार होशील का? नाही, म्हणाला. लगेच म्हणाला, विचार करायलाही थांबला नाही. मला गिटार वाजवायची आहे, तुझ्या घराकडून भरपाई घेत बसायची नाही. मग म्हणाला, विचारायला आलीस ते बरं केलंस. त्याच्या आईने चहा केला. आम्ही तो घेतला आणि मस्कतच्या उकाड्याबद्दल बोललो.

स्वयंपाकाला मला चंद्रभागाबाई मिळाल्या, विक्रोळीच्या, त्याही तिथल्या बौद्ध वसाहतीतल्याच. गाळ्यात भटारखाना आणि टेबलं यांच्या मधे एक भिंत होती. ती पाडायची माझ्या मनात होतं, पण आधी बाईंना विचारलं, सगळ्यांच्या नजरेसमोर शिजवायला चालेल का, लोक काहीबाही बोलतील. बाई दोन दिवस विचार करून आल्या. चालेल, म्हणाल्या, वाराही येईल. भिंत पाडली. उघडलं त्या दिवशी सकाळी मी ड्रमचा संच डेरिकच्या मामाकडे पोचवून आले होते, कारण संध्याकाळी चेंबूरला कार्यक्रम होता आणि मामाचं घर तिथून जवळ. साडेअकराला पहिलं गिऱ्हाईक आलं. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, सोबत बायको. गृहस्थ बसले नाहीत. चंद्रभागाबाई भाकरी थापत होत्या, त्यांच्याकडे बघत त्यांनी मला हळू आवाजात विचारलं, “बाई कुठल्या? आडनाव काय त्यांचं?”

मी म्हटलं, माफ करा, जागा नाही.

चारही टेबलं रिकामी होती.